इंजिन राहू द्या, आधी मागची सीट उचला

प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या शेडमध्ये १९६७ ची फोक्सवॅगन बीटल अठरा वर्षं उभी आहे. मामा गेले, मामी म्हणतात "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." चारही टायर बसलेत, इंजिन फिरत नाही, रंग मात्र बऱ्यापैकी शाबूत दिसतो. इंजिन जाम असेल तर ही गाडी पुन्हा उभी करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही इंजिनाबद्दल विचारलंत, रंगाबद्दल सांगितलंत, पण पत्र्याबद्दल एक अक्षर नाही. बहुतेक सगळे असंच विचारतात, मीही सुरुवातीला असंच विचारायचो. पण जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. इंजिन खाली उतरवता येतं, टेबलावर मांडून खोलता येतं, अगदीच गेलं असेल तर दुसरं बसवता येतं. सडलेल्या बॉडीला मात्र टेबल नसतं. ती तुकड्यातुकड्याने कापायची, नवा पत्रा घडवायचा, वेल्डिंग करायचं, आणि एवढं करून दार लागेल की नाही हे शेवटच्या दिवशी कळतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर इंजिनात नाही. ते मागच्या सीटखाली आहे.

त्याआधी एक विनंती. गाडी सुरू करून बघायचा मोह आवरा. शेजारचा कोणी तरी बॅटरी घेऊन येईल, "एक सेल्फ मारून बघू" म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. गियरमध्ये टाकून ढकलणं किंवा दुसऱ्या गाडीने ओढणं तर त्याहून वाईट. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचं कडं बसलेलं असतं. पिस्टन जोराने त्यावरून खेचला की पिस्टनभोवतीच्या रिंगा तुटतात आणि आठवडाभराच्या कामाचं तीन महिन्यांचं काम होतं. शिवाय त्या काळचे पेट्रोलचे रबरी पाइप एव्हाना बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असतात. बीटलचं इंजिन मागे, त्याचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. एकदा त्याने पेट घेतला की साध्या उपायांनी विझत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल नुसतं हुंगून बघा, जुन्या वॉर्निशसारखा वास येईल. ते काढून टाकायचं, वापरायचं नाही.

आता पाहणी. सोबत डोक्याला लावायचा टॉर्च, एक टोच्या किंवा जुना स्क्रू-ड्रायव्हर, पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं मॅग्नेट, गुडघ्याखाली घ्यायला पोतं आणि तोंडाला चांगला मास्क घ्या. मास्क उंदरांच्या लेंड्यांसाठी. अठरा वर्षं बंद असलेल्या गाडीत उंदीर नसतील हे मी मानायला तयार नाही.

मागची सीट उचला. बीटलची बॅटरी तिथे असते. वर्षानुवर्षं आम्ल ठिबकून बॅटरीखालचा पत्रा सर्वात आधी जातो. तिथे आरपार भोक दिसलं तर घाबरू नका, ते जवळजवळ गृहीतच धरायचं. टोच्याने कडेकडेने दाबत जा. पत्रा कुठपर्यंत मऊ लागतो आणि कुठून कडक होतो, ती रेघ खडूने आखा. गंज बॅटरीच्या ट्रेपुरता असेल तर छान. तो पायाखालच्या पत्र्यातून पुढे सरकत ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेला असेल, तरीही अजून हरलो नाही, कारण बीटलच्या फ्लोअर पॅनचे डावे-उजवे अर्धे भाग नवे मिळतात. मधला टनेल, म्हणजे गाडीचा कणा, शाबूत असला पाहिजे.

खरी परीक्षा दारांच्या खाली आहे. दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणारा एक पोकळ पत्र्याचा बोगदा असतो, त्याला हीटर चॅनेल म्हणतात. हे इंजिन हवेने थंड होतं, रेडिएटर नाही, त्यामुळे केबिनमध्ये ऊब आणायची ती गरम हवा या दोन चॅनेलमधून पुढे यायची. पण ते नुसते पाइप नाहीत. बॉडी फ्लोअर पॅनवर बोल्टने बसते ती त्यांच्यामधूनच, आणि दाराचे खांब त्यांच्यावरच उभे असतात. घराच्या भाषेत सांगायचं तर हे जोतं आहे. आतून दमट हवा, बाहेरून चाकांनी उडवलेलं पाणी, त्यामुळे ते दोन्हीकडून सडतात, आणि बहुधा आतून आधी. बाहेर रंगाला बोटाच्या पेराएवढा फोड दिसतो तेव्हा आत काय शिल्लक असेल याचा भरवसा नसतो.

म्हणून फोड बघू नका, आवाज ऐका. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चॅनेलवर वीत-वीत अंतराने टकटक करत जा. चांगला पत्रा टणटणीत बोलतो, सडलेला धप्प असा बसका आवाज देतो. आवाज बदलला की तिथे टोच्या लावा, आणि मामींना वाईट वाटेल म्हणून हळू लावू नका. टोच्या आत गेला तर तो तुम्ही पाडलेला खड्डा नाही, तो तिथे आधीपासून होता.

मग दाराकडे या. दार अर्धवट उघडून त्याची मागची कडा दोन्ही हातांनी धरा आणि वर उचला. थोडं हललं तर बिजागरीची पिन झिजलीय, किरकोळ गोष्ट. पण दाराबरोबर बिजागरीचा खांबच हलताना दिसला, तर खांबाचा पाया सडलाय. दार बंद करून भोवतीची फट बघा. ती वरून खालपर्यंत सारखी हवी. वर बारीक आणि खाली रुंद अशी पाचरीसारखी फट म्हणजे बॉडी मधून वाकलीय. शेवटची चाचणी जॅकची. दारं बंद ठेवा, गाडी तिच्या ठरलेल्या जॅक पॉइंटवर हळूहळू उचला आणि मग दार उघडून बघा. सहज उघडलं तर जोतं अजून वजन पेलतं आहे. अडकलं, किंवा जॅक चढवताना करकर करत पत्रा आत दबायला लागला, तर थांबा, खाली घ्या. तुम्हाला उत्तर मिळालं. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, "एक मिनिट फक्त" हे शब्द मनात आले तरी नाही. पत्रा सडला असेल तर जॅक ज्याला टेकलाय तेच सरकतं.

पुढे डिकी उघडा. हो, बीटलची डिकी पुढे. स्पेअर चाकाचा खड्डा आणि पेट्रोल टाकीखालची जागा बघा. टाकीखाली बॉडीची एक आडवी, टोपीच्या आकाराची पट्टी पॅनवर बसते. तिच्या आकारावरून बीटलवाले तिला नेपोलियनची टोपी म्हणतात. तिच्या खालीच टनेलचं पुढचं टोक, ज्याला पुढचा बीम आणि पर्यायाने पुढची दोन्ही चाकं बोल्ट केलेली असतात. तिथला गंज मी फ्लोअरच्या गंजापेक्षा कितीतरी गंभीर धरतो, कारण इथला पत्रा सुटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

आता दिलासा देणारी गोष्ट. बीटलची चारही मडगार्ड बोल्टवर आहेत. ती सडून जाळी झाली असली तरी मी शांत झोपेन. पायऱ्या, म्हणजे रनिंग बोर्ड, बंपर, बॉनेट, सगळं सुटं. सडलेली जागा बोल्टच्या कोणत्या बाजूला आहे एवढंच बघायचं. सुट्या भागावर असेल तर खर्च, मूळ सांगाड्यावर असेल तर संकट.

आणि तो "शाबूत" रंग. त्याने मला एकदा चांगलाच फसवलंय, म्हणून सांगतो. मी स्वतःसाठी घेतलेली पहिली जुनी गाडी लालभडक, आरशासारखी चकचकीत होती. विकणाऱ्याने आदल्याच दिवशी पॉलिश केली होती, त्या वासाने मी हरखून गेलो. घरी आणल्यावर आठवड्याने दाराखालच्या पट्टीवर सहज टोच्या टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत. उकरत गेलो. वर रंग, खाली बोटभर पुट्टी, पुट्टीखाली तारेची जाळी, जाळीला आधार म्हणून बोळे करून कोंबलेलं वर्तमानपत्र. एक बोळा उलगडला, तर तारीख वाचता येत होती: मी गाडी घेतली त्याच्या दोन महिने आधीची. म्हणजे ती डागडुजी खास माझ्यासाठी केली होती. तेव्हापासून मॅग्नेट खिशात असतं. पत्र्यावरून ते फिरवत न्यायचं. जिथे चिकटायचं सोडतं किंवा ओढ एकदम हलकी होते, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. फडकं रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून. जुना, फिका, खरा रंग मला नव्या चकाकीपेक्षा केव्हाही आवडतो, कारण तो काही लपवत नाही. तुमच्या गाडीचा रंग मामांच्या वेळचा असेल तर ही जमेची बाजू समजा.

गाडी दुसरी असती तर पाहणीची जागा बदलली असती, नियम हाच राहिला असता. जुन्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, गंजत नाही, म्हणून लोक बाहेरून बघून खूश होतात. खालची लोखंडी चासी मात्र आतून पोखरलेली असू शकते. मूळ मिनीत मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं धरणारा लोखंडी सांगाडा, आधी बघायची. मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या मागच्या भागातलं लाकूड शोभेचं नाही, बॉडी त्यावर उभी आहे, ते कुजलं तर सुताराचं काम आणि तेही नाजूक. सिट्रोएन डीएसचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकाच हायड्रॉलिक दाबावर चालतं. तिच्यात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लाल द्रव जाऊन हिरवं खनिज तेल आलं. चुकीचं ओतलं तर सगळी सीलं जातात. आणि एमजीबीसारखं भाग्य फार थोड्या गाड्यांना लाभतं: तिची संपूर्ण नवी बॉडी मूळ साच्यांवरून १९८८ पासून पुन्हा बनायला लागली. तुमच्या बाजूलाही असंच नशीब आहे. बीटल २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या, शेवटची मेक्सिकोत जुलै २००३ मध्ये. एवढ्या गाड्या जगभर पसरल्या की सुटे भाग बनवणारे टिकून राहतात.

आता तुमचं इंजिन. "फिरत नाही" म्हणजे काय, हे आधी ठरवू. गियर न्यूट्रलला आहे ना बघा. मग पंख्याचा पट्टा काढा. बीटलमध्ये हाच पट्टा जनरेटर फिरवतो आणि जनरेटरच्याच दांड्यावर थंडाव्याचा पंखा बसलेला असतो, पत्र्याच्या मोठ्या आवरणात. उंदरांना ते आवरण घरट्यासाठी फार आवडतं. मी एकदा अशा "जाम" इंजिनाचा पट्टा काढला आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने फिरला. पंख्यात चिंध्या, काथ्या, सीटमधलं भूस असा बादलीभर माल कोंबलेला होता. इंजिनाला काही झालंच नव्हतं. मात्र तसं घरटं न काढता कोणी इंजिन चालवलं असतं, तर हवा न मिळून ते तापून खरंच गेलं असतं.

पट्टा काढूनही क्रँक हलत नसेल तर चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल असं मिश्रण किंवा चांगलं गंज सोडवणारं तेल घाला. इथे एक मेख आहे. बीटलचे सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे तेल खालच्या बाजूला साचतं आणि वरची बाजू कोरडीच राहते. म्हणून एकदा भरपूर घालून विसरायचं नाही, दिवसाआड थोडं थोडं घालत राहायचं. आठवडाभर तरी थांबा. मग क्रँकच्या पुलीच्या मधल्या बोल्टला ३० चा पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने दाबा, झटका न देता, अंगाच्या वजनाने. हललं नाही तर पाना काढा, पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. मागेपुढे केसाएवढंही हललं की काम झालंच म्हणायचं. त्या पहिल्या हालचालीचा आवाज मला अजून आवडतो: कुठल्या तरी जुन्या कुलपाने नाइलाजाने हार मानल्यासारखा एक कोरडा "कर्र". त्यानंतर मात्र थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे, अशी तासभर नुसती कवायत. वरून घातलेलं तेल रिंगांमधून खाली उतरलेलं असतं, म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी खालचं ऑइल पूर्ण बदलायचं.

आणि नाहीच सुटलं तर? तरीही बिघडत नाही. या इंजिनाचे सिलिंडर एका ब्लॉकमध्ये कोरलेले नाहीत, चार वेगवेगळी ओतीव लोखंडी नळकांडी क्रँककेसवर बसवलेली असतात. पिस्टनसकट चारही नवी बसवता येतात, रिबोअर, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कोरायची गरज पडत नाही. इंजिन गाडीला चार जागी बोल्ट केलेलं. अनुभवी माणूस ते तासाभरात खाली घेतो.

मी या इंजिनात दोनच गोष्टींना घाबरतो. पहिली क्रँककेस. क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढा आणि आत ढकला. मोकळीक किती आहे ते डायल गेजने मोजतात. नव्याची ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर, ०.१५ च्या पुढे गेली तर झीज मर्यादेबाहेर. हाताला स्पष्ट ठकठक लागत असेल तर गेजचीही गरज नाही, केस मशिनिंगला जाणार किंवा बदलावी लागणार. दुसरी भीती तीन नंबरच्या सिलिंडरची. १९७० पर्यंतच्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा असायचा आणि तीन नंबरला त्याच्यामागची तापलेली हवा मिळायची. तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला असेल तर प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला की दिसतो. इंजिन फिरायला लागलं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, बघा, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगांचा दोष, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा.

ब्रेकबद्दल वाद नको. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज, सगळं नवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि अठरा वर्षांत आतून सगळं गंजवतं. जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ड्रम उघडल्यावर हवेच्या प्रेशरने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरही सगळे नवे, नक्षी कितीही चांगली दिसली तरी. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३०४ असेल तर २००४ सालचा तेविसावा आठवडा. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असणारच. सीट, छत, गालिचे यांचा निर्णयाशी काहीही संबंध नाही, तो सगळा शेवटचा आनंद.

एका गोष्टीवर मात्र लोक पुरेसा वेळ देत नाहीत: गाडी पुरी आहे का? गंजलेली पण अखंड गाडी मी घेईन, चांगल्या पत्र्याची पण डब्यांत भरलेली गाडी घेताना दहादा विचार करेन. कोणीतरी उत्साहाने खोलली, कंटाळला, खोक्यांत भरली, दोन खोकी घर बदलताना हरवली, अशा गाड्या बाजारात पैशाला पासरी मिळतात. मी अशा एका गाडीच्या दाराची काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतल्या एका दातेरी पट्टीसाठी दीड वर्ष थांबलोय. ती त्याच सालच्या, त्याच बाजूच्या दाराची हवी होती. तेव्हा तुमच्या गाडीची काचांपासून दिव्यांच्या लेन्सपर्यंत, हँडलं, स्पीडोमीटर, बंपर, चाकांच्या टोप्या, जॅकसुद्धा, अशी हजेरी घ्या. शेडच्या कोपऱ्यातले डबे, माळ्यावरचं सामान, मामांचं टेबल हेही धुंडाळा. जुन्या मालकाने काढून जपून ठेवलेला मूळ भाग नेहमी गाडीपासून दहा पावलांवर असतो. मूळ पावत्या, सर्व्हिस बुक सापडलं तर ते पुसूही नका, पिशवीत ठेवा.

मग कागद. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण गाडी हलवायच्या आधी करायची, नंतर नाही. मागची सीट उचललेलीच आहे, तिथेच टनेलवर चासी नंबर ठोकलेला असतो. १९६५ च्या मॉडेलपासून हा नंबर नऊ आकड्यांचा आणि तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो, म्हणजे १९६७ ची गाडी ११७ ने सुरू व्हायला हवी. कारखान्याचं मॉडेल वर्ष आदल्या ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे नोंदणीच्या तारखेत आणि नंबरात थोडा फरक असू शकतो. तिथे ११६ निघालं तर भाग मागवताना १९६६ च्या यादीतून मागवायचे. नंबरभोवती ग्राइंडरच्या खुणा असतील, आकडे वेडेवाकडे असतील, किंवा तो तुकडाच वेल्ड करून बसवलेला वाटला, तर मात्र हात जोडून बाजूला व्हा. इंजिनाचा नंबर जनरेटरच्या स्टँडखाली क्रँककेसवर असतो. तो कागदावरच्या नंबराशी जुळला तर उत्तम. नाही जुळला तरी बीटलच्या बाबतीत आभाळ कोसळत नाही, इंजिनं बदलली जातच होती. मामा गेल्यामुळे गाडी आता वारसांची आहे. मामींचं तोंडी "घेऊन जा" पुरणार नाही. सगळ्या वारसांची लेखी संमती आणि नावावर करायची प्रक्रिया तुमच्याकडच्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. चकचकीत गाडी तयार झाल्यावर एखाद्या मामेभावाला बालपण आठवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हिशोबाचं स्पष्ट बोलतो. पूर्ण रिस्टोरेशनला हजार तास सहज लागतात. तुम्ही आठवड्याला सहा तास दिलेत, म्हणजे प्रत्येक रविवार, तर तीन वर्षांहून जास्त. ते तास पगारी कारागिराचे असतील तर अशी गाडी तयार होईपर्यंतचा खर्च बहुतेक वेळा तिच्या बाजारभावाच्या पुढे जातो. त्यामुळे "नंतर विकून पैसे वसूल करू" हा विचार असेल तर तशीच, चालू स्थितीतली दुसरी बीटल घ्या, स्वस्त पडेल. अंदाज काढाल तेव्हा सर्व भागांची यादी करा, बेरीज करा आणि मग ती दुप्पट धरा. ती दुप्पट रक्कम बघूनही गाडी करावीशी वाटली तरच पुढे जा. मामांची गाडी म्हणून करायची असेल तर ते कारण मला पूर्ण मान्य आहे, फक्त ते बाजारभावाच्या रकान्यात लिहू नका, त्याचा वेगळा रकाना ठेवा. जागेचाही विचार करा: खोललेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा खाते, आणि ती जागा तीन वर्षं घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी असते.

आणि हेही पर्यायात धरा की कदाचित "नवी" करायचीच नाही. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिव्हा हिने २०१२ मध्ये ट्युरिन चार्टर मान्य केला, त्याचा सूरच असा की मूळ जे आहे ते आधी जपा, बदल शक्य तितके कमी करा. बाजारालाही हे पटलेलं दिसतं. फ्रान्समध्ये एका कुटुंबाच्या शेडांत दशकानुदशकं पडलेल्या साठेक गाड्या फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलावात निघाल्या. त्यातली मासिकांच्या ढिगाखाली दबलेली १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. तुमची बीटल फेरारी नाही, ते आकडे विसरा, पण तत्त्व तेच. पत्रा ठीक निघाला तर ब्रेक, टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग एवढं नवं करायचं, इंजिन मोकळं करायचं, आणि मामांच्या हाताने झिजलेला स्टिअरिंगवरचा रंग तसाच ठेवायचा. हजार तासांऐवजी दोनशेत गाडी रस्त्यावर येते.

तर तुमच्या गाडीबद्दल माझं मत, न बघता जेवढं देता येतं तेवढं. फ्लोअर गेलाय, चॅनेल चांगले, गाडी अखंड, कागद नीट: घ्या, इंजिन जाम असो नसो. फ्लोअरबरोबर एका बाजूचा चॅनेल गेलाय: तरीही घ्या, पण वेल्डिंग स्वतः शिकायची किंवा चांगला डेंटर गाठायची तयारी ठेवून. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून बॉडीला आतून बांधून घ्यायचं, नाहीतर बॉडी पसरते आणि दार पुन्हा कधीच बसत नाही. दोन्ही चॅनेल, खांबांचे पाय आणि पुढची टोपी असं तिन्हीकडे टोच्या आत गेला, तर ही गाडी दुसऱ्या बीटलला जगवायच्या कामाची. मडगार्ड, दारं, काचा, गिअरबॉक्स काढून ठेवा आणि मामींना खरं सांगा.

गाडी शेडबाहेर काढताना ओढू नका. ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असतील. हँडब्रेक सोडा, शूची ॲडजस्टमेंट सैल करा, ड्रमवर कडेने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्या. जुन्याच टायरमध्ये हवा भरली तर हलवण्यापुरती टिकते, त्यावर रस्त्यावर मात्र जायचं नाही.

रविवारी जाणार असाल तर मला चार फोटो पाठवा: बॅटरीखालचा पत्रा, दोन्ही चॅनेलची खालची बाजू जिथे टोच्या लावलात तिथे, टाकीखालची टोपी, आणि टनेलवरचा नंबर. इंजिनाचा फोटो नसला तरी चालेल.